गुण्याबाहेरची भिंत

थॉर्नवेल हॉल किशोरी पाटणकरने कधी पाहिला नव्हता आणि पाहण्याची शक्यताही फारशी नव्हती. तरी त्या घराच्या त्रेसष्ट खोल्यांपैकी कोणत्या खोलीची जमीन किती मिलिमीटर खचली आहे, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. उत्तर इंग्लंडमधल्या त्या दगडी हवेलीत मे महिन्यात कोणीतरी तिपाईवर लेसरचं यंत्र फिरवलं होतं. यंत्राने तळघरापासून माळ्यापर्यंत सगळं घर चारशे कोटी बिंदूंमध्ये टिपलं, आणि ते बिंदू मस्कतच्या अझैबा भागात, खाली टायरचं दुकान असलेल्या एका कचेरीत येऊन दाखल झाले. बिंदूंमधून रेघा काढणं हा त्या कचेरीचा धंदा. रेघा काढायच्या कृष्णकांत धुरींनी, तपासायच्या किशोरीने आणि सही करायची कचेरीची प्रमुख हिबा हिने, असा क्रम ठरलेला होता.

किशोरी मूळची पुण्याची. आधी भौतिकशास्त्र शिकलेली, मग भूमापन. माहेरी एकदा वास्तुदोष बघायला एक गृहस्थ आले, तेव्हा त्यांचं होकायंत्र त्यांच्याच खिशातल्या मोबाइलमुळे अकरा अंशांनी चुकतं आहे, हे तिने पाहुण्यांदेखत दाखवून दिलं होतं. तिच्या आईने ती गोष्ट अजून पोटात घातलेली नाही. मोजल्याशिवाय बोलायचं नाही आणि स्वतःच्या मोजमापावर सगळ्यांत आधी संशय घ्यायचा, या दोन सवयींवर तिचं बरं चाललं होतं.

जूनमधल्या त्या रविवारी सकाळी आठ वाजता ती कचेरीत आली, तेव्हा इंग्लंडमधली पत्रं उघडण्याइतकंच काम टेबलावर होतं. मस्कतमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी आणि रविवार कामाचा; तिकडे रविवारी सुट्टी. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी तिकडून निघालेलं पत्र इथे दोन दिवस न वाचलेलं पडून राहतं. असंच एक पत्र बिलकीसचं होतं. बिलकीस ही थॉर्नवेलच्या जतनाचं काम पाहणारी वास्तुविशारद. जन्म लीड्सचा, घरची भाषा उर्दू. तिने लिहिलं होतं की चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी घरात लिफ्ट बसवायची आहे, परवानगी मिळाली आहे आणि सोमवारी सकाळी आठला कंत्राटदार मुख्य जिना व भोजनगृह यांच्यामधली भिंत कापायला घेईल. लिफ्टच्या चौकटीसाठी त्या भिंतीची जाडी तेवढी पक्की कळवावी.

दोन मिनिटांचं काम. किशोरीने मूळ बिंदू उघडले, भिंतीच्या दोन्ही पृष्ठभागांमधलं अंतर काढलं: अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. मग सवयीने तिने त्याच्यावर कचेरीने दोन आठवड्यांपूर्वी पाठवलेला नकाशा ठेवला. भिंतीच्या एका टोकाला नकाशाची रेघ बिंदूंच्या सात सेंटिमीटर पुढे होती. दुसऱ्या टोकाला सात सेंटिमीटर मागे.

तिने आधी स्वतःची चूक शोधली. मग यंत्राची. बिंदूंचे संच एकमेकांना नीट जुळवले गेले नसतील, या आशेवर तिने अर्धा तास घालवला. संच दोन मिलिमीटरच्या आत जुळत होते. दोष नकाशात होता.

"काका, जरा इकडे या."

कृष्णकांत धुरी अठ्ठावन्न वर्षांचे, देवगडकडचे. एकतीस वर्षं आखातात नकाशे काढत होते. आधी पेनाने, मग संगणकावर. माबेल्याला एका खोलीत राहत आणि रोज पाऊण तास गाडी चालवून येत.

"ही भिंत नकाशावर सरळ आहे. बिंदूंमध्ये तिरकी आहे. एक पूर्णांक तीन अंश."

कृष्णकांतांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ वाकले आणि शांतपणे म्हणाले, "होय तर. मीच सरळ केलंय ती."

"सरळ केलीत?"

"बाय, भिंत गुण्यात नाय होती." गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन, धुरींच्या तोंडी तो शब्द देवाच्या नावासारखा येई. "हंयचो अर्बाब, म्हणजे मालक, घराचो नकाशो बघता आणि रेघ वाकडी दिसली तर इचारता, ह्यां कोणी काढल्यान? म्हणान आम्ही सगळे ऑर्थो चालू ठेवतंव. एक बटण दाबलां की रेघ सरळच जाता. आणि साहेबाचां घर वाकडां कसां आसात?"

"काका, साहेबाचं घर म्हणूनच वाकडं असणार! आपल्याला आहे तसं काढायला सांगितलं होतं."

"मगे तपासल्यान कोणी?"

हा टोला बिनचूक बसला. नकाशाच्या कोपऱ्यात 'तपासले' या चौकोनात किशोरीची आद्याक्षरं होती. तिने दर्शनी बाजूच्या तीन खोल्यांचे कर्ण मोजले होते आणि ते जुळले म्हणून उरलेल्या साठ खोल्या जुळतात असं मानलं होतं. असला नमुना एखाद्या विद्यार्थ्याने घेतला असता, तर तिने त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

आणि त्या नकाशावर परवानगी मिळाली होती. परवानगी देणाऱ्यांनी पाहिलं ते एवढंच: भिंत दर्शनी भागाला समांतर आहे, म्हणजे त्याच बांधकामातली, हवेलीइतकीच दोनशे चाळीस वर्षांची, घरातल्या इतर पाचपन्नास भिंतींसारखी एक. कापायला हरकत नाही. उद्या सकाळी, मस्कतच्या घड्याळात अकरा वाजता, तिच्या आद्याक्षरांच्या भरवशावर करवत चालणार होती.

"अजून कुठे कुठे सरळ केलंत, आठवतं का?"

कृष्णकांत थोडे दुखावले. "आठवूक कित्याक होयां? मी पुसलंय थोडांच! माझो पयलो फोरमन सांगी, रेघ बदल, पण जुनी रेघ फाडू नको. मूळ रेघा लाल थरात ठेवलंय. थर बंद आसा, इतकांच."

संगणकावरचा नकाशा काचांच्या चळतीसारखा असतो. भिंती एका काचेवर, दारं दुसऱ्या, आणि एखादी काच नजरेआड ठेवता येते. कृष्णकांतांनी स्वतःच्या नजरेआडच्या काचेला 'केडी-जुने' असं नाव दिलं होतं. किशोरीने ती उघडली.

सतरा लाल रेघा उमटल्या. तळघरात पाच, तळमजल्यावर आठ, पहिल्या मजल्यावर चार. किशोरीने एकेकीचा कोन काढायला सुरुवात केली. एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक दोन. शून्य पूर्णांक पाच, ही वेगळी. एक पूर्णांक तीन. तिचा माऊसवरचा हात जलद होऊ लागला. काटकोनातल्या आडव्या भिंतीसुद्धा तेवढ्याच अंशाने कललेल्या निघत होत्या. शेवटी सतरापैकी चार रेघा भलत्याच दिशांना गेल्या आणि तेरा एकाच कोनात उभ्या राहिल्या.

"काका, तिन्ही मजले एकावर एक ठेवा."

त्यांनी ठेवले. तेरा तुटक लाल रेघांनी मिळून एक लांबोडका आयत काढला होता: सोळा मीटर लांब, आतून साडेपाच मीटर रुंद. हवेलीच्या पोटात, तिच्या भिंतींशी फटकून, स्वतःच्याच कोनात उभं असलेलं एक पूर्ण घर.

"आयशप्पथ," कृष्णकांत म्हणाले. "भितूर दुसरांच घर आसा."

किशोरीने मनातल्या मनात गुणाकार केला. एखादी भिंत योगायोगाने त्या कोनात सापडायची शक्यता विसात एक धरली, तर पहिलीशी उरलेल्या बाराही जुळायची शक्यता काढताना छेदात सोळा आकडी संख्या येते. लगेच तिने तो हिशेब स्वतःच खोडला. भिंती एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच असा गुणाकार चालतो. आणि मग तिच्या लक्षात आलं की मुद्दा नेमका तोच आहे: त्या स्वतंत्र नव्हत्या. त्या एका हाताने, एका वेळी, एका गुण्याने बांधल्या होत्या. तिच्या कानशिलांत ठोके पडू लागले, आणि तिने नाडी मोजली नाही, हे तिच्या बाबतीत नोंदवण्यासारखं आहे.

हिबाच्या खोलीचं दार तिने न ठोठावताच उघडलं. हिबा ओमानमधल्याच निझवा गावची; तिच्या आजोळच्या मातीच्या घराची दुरुस्ती तिने स्वतः उभं राहून करवून घेतली होती. बोलणं इंग्रजीत, अधूनमधून अरबी. तिने तिन्ही मजले पाहिले, लाल आयतावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "यात नवल काय? माझ्या आजोबांनीही जुन्या भिंती मोडल्या नाहीत. चांगली भिंत कोण मोडतं? नव्या घराला तिची पाठ लावायची. या इंग्रजाने तेच केलं आणि वर लोकांना दाखवायला सरळ चेहरा बसवला."

"आणि मी तोच चेहरा बघून सही केली. नकाशा मागे घ्यावा लागेल."

"लागेल. पत्रात आधी आपली चूक लिही, शोध नंतर. आधी शोध लिहिलास तर ती सफाई वाटते." हिबाने कृष्णकांतांकडे पाहिलं. ते दाराशी हात बांधून उभे होते. "तुझ्याशी नंतर बोलते, उस्ताद."

दुपारी बाराला पत्र गेलं. बारा वाजून दोन सेकंदांनी आपोआप उत्तर आलं: बिलकीस सोमवारपर्यंत उपलब्ध नाही.

नुसतं 'आत जुनं घर आहे' असं म्हणून भागणार नव्हतं. असल्या दाव्यांना किशोरीनेच दाद दिली नसती. सोमवारी सकाळी बिलकीसच्या हातात तासभर असेल, आणि त्या तासात बघता येईल असं काहीतरी आधी सांगायला हवं होतं. दुपारभर किशोरी बिंदूंमधून त्या लाल आयतात हिंडली. कापायच्या भिंतीच्या बरोबर समोर, साडेपाच मीटरवर, आयताची दुसरी लांब भिंत होती. तिच्यात भांडी ठेवायचा एक कोनाडा होता. कोनाड्याच्या बाजू तिरप्या होत्या: तोंडाशी एकशे दहा सेंटिमीटर रुंद, चाळीस सेंटिमीटर आत गेल्यावर सत्त्याहत्तर. कपाटाला तिरप्या बाजू कोणी करत नाही. ती बुजवलेली खिडकी होती. कोनाड्याचा मध्य पूर्वेकडच्या कोपऱ्यापासून दोन मीटर एकाहत्तरवर येत होता. खिडक्या समोरासमोर असतील, तर कापायच्या भिंतीतही गिलाव्याखाली तशीच खिडकी, तेवढ्याच अंतरावर असली पाहिजे.

तिने दुसरं पत्र लिहिलं. "कोपऱ्यापासून २.७१ मीटर हा मध्य. त्यातून अर्धी रुंदी वजा करता २.१६ मीटरवर खिडकीची कड असावी. तिथला गिलावा काढल्यास एका बाजूला घडीव दगड आणि दुसऱ्या बाजूला नंतरची भर दिसेल. तिथे सलग भिंत निघाल्यास आमचं म्हणणं चुकीचं आहे असं समजून काम सुरू करावं." शेवटचं वाक्य लिहिताना तिचं बोट किंचित थबकलं, पण हरण्याची अट न घालता खेळायला ती भोंदूबाबा नव्हती.

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तिकडे सहा वाजून दहा.

"आप लोग मज़ाक तो नहीं कर रहे?" बिलकीसचा आवाज. ती त्यांच्याशी हिंदीतच बोले. मागे गाडीच्या इंजिनाचा आवाज होता. "मी निघाले आहे. पण नीट ऐका. त्या भिंतीत चाचणीसाठी एकच खाच काढायची परवानगी माझ्याकडे आहे. तीस सेंटिमीटर बाय तीस. एक म्हणजे एकच. काही नाही निघालं तर मी आठ वाजता कंत्राटदाराला थांबवू शकत नाही."

"एक पुरे," किशोरी म्हणाली.

दहाच्या सुमारास पडद्यावर थॉर्नवेल हॉल अवतरला. बिलकीसने मोबाइल उंच धरून तो जिना दाखवला, आणि किशोरी खुर्चीतून अर्धी उठली. इतके दिवस ज्याच्या एकेका पायरीची उंची ती ओळखत होती, तो जिना ओकच्या लाकडाचा आणि मधाच्या रंगाचा होता. बिंदूंना रंग नव्हता. ती त्याला राखाडी समजत आली होती. वर काचेच्या घुमटातून सकाळ उतरत होती. गिलाव्याची भिंत फिकट हिरवी. बिलकीसने कोपऱ्यातून टेप लावला, दोन मीटर सोळावर खूण केली आणि खुणेभोवती पेन्सिलने तीस सेंटिमीटरचा चौकोन काढला. शेजारी एक कारागीर छिन्नी घेऊन उभा होता.

तेवढ्यात कृष्णकांत धापा टाकत आत आले. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्यात अर्धा प्यालेल्या कडक चहाचा कागदी पेला.

"थांबव! बाय, थांबव तेका! माबेल्यासून हंयसर ट्रॅफिकात माझां डोक्यां फिरत होतां... तू खंयच्या बाजूसून मोजलंस?"

"कोनाड्याच्या तोंडावरून. एकशे दहा."

"ती भितूरची बाजू! आणि ते खंयसून फोडतत?"

किशोरी पडद्याकडे बघत राहिली. जिन्याकडून. लाल आयत भिंतीच्या पलीकडे, भोजनगृहाच्या बाजूला होता.

कृष्णकांतांनी उरलेला चहा एका घोटात संपवला, पेला आडवा धरला आणि त्याचं रुंद तोंड तिच्या डोळ्यांसमोर आणलं. "ही भितूरची बाजू. उजेड पसरूक होयो म्हणान रुंद." मग पेला फिरवून बूड दाखवलं. "ही भायरची. चोर आणि थंडी येव नये म्हणान चिंचोळी. माझो बापूस गवंडी होतो, बाय. त्या जिन्यात उभां रवलां की माणूस त्या घराच्या भायर उभां आसा!"

"बिलकीस, थांबा!" किशोरी ओरडली. पडद्यावर छिन्नी हवेत थांबली. "खूण चुकली आहे. दोन मिनिटं द्या."

"किशोरी, साडेसात वाजायला आलेत."

"दोन मिनिटं!"

चाळीस सेंटिमीटर खोलीत तेहतीस सेंटिमीटर रुंदी घटते. भिंत अठ्ठ्याहत्तर जाड. म्हणजे बाहेर पोहोचेपर्यंत चौसष्ट घटणार, उरतात सेहेचाळीस. अर्धे तेवीस. दोन एकाहत्तरमधून तेवीस गेले. तिने दोनदा केलं. दुसऱ्यांदा कृष्णकांतांनी मोठ्याने आकडे म्हटले.

"दोन मीटर अठ्ठेचाळीस! कड तिथे आहे."

"बत्तीस सेंटिमीटरचा फरक? तुमच्या पहिल्या चौकोनात ती आलीच नसती."

"नाही. तिथे सलग दगड निघाला असता आणि मी चूक ठरले असते. माझ्याच अटीने."

पहिला चौकोन बोटाने पुसला गेला. दुसरा काढला गेला. छिन्नीचा पहिला घाव हजारो मैलांवरून टिचकीसारखा ऐकू आला. हिबा कधी येऊन मागे उभी राहिली, कोणाला कळलं नाही. गिलाव्याच्या खपल्या पडत होत्या. आधी हिरवा रंग, त्याखाली पिवळा, मग पांढरा चुना. मग दगड. नुसता ओबडधोबड दगड.

"उजवीकडे," कृष्णकांत पुटपुटले. "अजून थोडां उजवीकडे."

खपली पडली. दगड संपला. एका उभ्या, सरळसोट रेघेत संपला. तिची कड तासून तिरपी केलेली होती, आणि रेघेपलीकडे लाल विटा होत्या.

"या अल्लाह," पडद्यापलीकडून बिलकीस म्हणाली, आणि अझैबात तीन माणसं एकदम ओरडली. खालच्या टायरच्या दुकानातून कोणीतरी वर डोकं करून पाहिलं. कृष्णकांतांनी पेला हवेत फेकला. बुडाशी राहिलेले थेंब हिबाच्या बाहीवर गेले आणि ती त्यांच्याकडे न बघता टाळ्या वाजवत राहिली.

"किती?" किशोरी विचारत होती. "टेप लावा. किती आलं?"

"दोन एकोणपन्नास."

"एक सेंटिमीटर कुठे गेला?"

"किशोरी!" बिलकीस हसत होती, की रडत होती, ते मोबाइलच्या हलण्यावरून ठरवणं कठीण होतं. "इकडे बघा. दगडाचा पृष्ठभाग." कॅमेरा जवळ गेला. घडीव दगडाची कड बोथट झाली होती, वर उभ्या बारीक पन्हळी पडल्या होत्या. "हे छिन्नीचं काम नाही. हे पावसाने झालंय. खूप वर्षांच्या पावसाने. या जिन्याच्या जागी उघडं आकाश होतं."

मधाच्या रंगाचा तो जिना, घुमटातला उजेड, आणि त्याच जागी पाऊस: या तिन्ही गोष्टी एकाच निर्देशांकावर बसवायला किशोरीला थोडा वेळ लागला.

"घर किती जुनं असेल?" हिबाने विचारलं.

"माहीत नाही. तो चुना तपासल्याशिवाय मी शतक सांगणार नाही."

तिकडे जड बुटांचे आवाज आले. कंत्राटदाराची माणसं आठला पाच मिनिटं कमी असताना हजर झाली होती. बिलकीसने त्यांना काय सांगितलं ते नीट ऐकू आलं नाही; पण करवतीची पेटी जिन्याखाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग कोणीतरी चहाचं विचारलं. लिफ्ट नोकरांच्या जिन्याजवळ नेता येईल, बिलकीस परत येऊन म्हणाली. तिथली भिंत खरोखरच नवी आहे ना, तेवढं आज संध्याकाळपर्यंत कळवा, आणि या वेळी बिंदूंवरून.

हिबा कृष्णकांतांकडे वळली. ते पुन्हा हात बांधून उभे राहिले.

"उस्ताद, यापुढे प्रत्येक नकाशाबरोबर तुझा लाल थर जाईल. उघडा."

"आणि अर्बाबाक वाकडी भिंत दिसली तर?"

"तर त्याला सांग, बांधणाऱ्याला विचार. खलास."

कृष्णकांतांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष पडद्यावर होतं. चेपलेला कागदी पेला त्यांनी जमिनीवरून उचलला आणि लाल आयताच्या एका टोकाशी, दोन भिंतींमध्ये रेघ नसलेल्या जागेवर धरला.

"खिडकी गावली. आता दरवाजो. बाय, माका ठाऊक आसा तो खंय आसतलो."

किशोरीने कोरा कागद पुढे ओढला आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"आधी आकडा लिहा, काका. तारीख घाला, खाली सही करा. मग बिलकीसला सांगू, खाच काढायची दुसरी परवानगी मागा."